टीएवाल्याच्या घरातली फाइल

वर्षातले काही महिने आमचं घर फौजीचं असतं, उरलेले महिने शेतकऱ्याचं. प्रादेशिक सेनेत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘टीए’त, नवरा, मुलगा किंवा भाऊ असलेल्या बहुतेक घरांची हीच तऱ्हा. कुणाचा नवरा साखर कारखान्यात फिटर असतो, कुणाचा दूध संस्थेत हिशेब लिहितो, कुणाचं उत्तूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असतं. पलटणीचा कागद आला की हे सगळे वर्दी चढवतात आणि पलटणीनं सोडलं की परत आपापल्या कामाला लागतात. आमच्या आजरा भागातल्या पुष्कळ जणांची पलटण कोल्हापुरातच, टेंबलाईच्या टेकडीजवळ आहे: १०९ इन्फंट्री बटालियन (टीए), मराठा लाइट इन्फंट्री. आजऱ्याहून दोन-अडीच तासांची वाट. पण घरच्या बाईला त्या फाटकाच्या आत काय चालतं याची काही कल्पना नसते.

कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या वहिनींना शेजारच्या दारातून बातमी कळते. कुठला फॉर्म कधी भरायचा, कुठल्या कार्डाची मुदत संपली, हे पाणी भरताना कानावर येतं. पेरणोली, वाटंगी, भादवण, मलिग्रे अशा गावांत विखुरलेल्या टीएच्या घरांना असं शेजारपण नाही. उलट ‘टीए म्हंजे काय खरी मिल्ट्री न्हवं’ असं तोंडावर म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका, एवढं सांगा: प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. सेनेचं उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ ला सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. बोलावलेल्या काळात टीएच्या जवानाला तोच आर्मी ॲक्ट लागू होतो आणि पगारही नियमित सैनिकाचाच मिळतो. महेंद्रसिंग धोनीला टीएची मानद वर्दी मिळाली तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले. घरी राहणाऱ्या बायका-पोरांचा विषय मात्र त्यानंतरही कुठे निघाला नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. टीएमध्ये सगळे हक्क दिवसांवर चालतात. जवानाला सेवेत बोलावून घेतात त्याला पलटणीत ‘एम्बॉडी’ म्हणतात, सोडतात त्याला ‘डिसएम्बॉडी’. या दोन तारखांच्या मधले दिवस तुमचे. त्या दिवसांत पगार, रेशन, कॅन्टीन, घरच्यांचे लष्करी दवाखान्यातले उपचार मिळतात. सुटल्यावर यातलं बरंचसं थांबतं. ट्रेनिंगपुरतं बोलावणं असेल तर ते वर्षाला साधारण दोन महिन्यांचं असतं, पण देशाला गरज पडली की वर्षानुवर्षांचंही होतं. ६ मे २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं टीएच्या १९४८ च्या नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएला बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन एम्बॉडी करण्याला मंजुरी दिली. त्या आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. त्यातच एक अट होती: बजेटात पैशाची तरतूद असेल तरच बोलवायचं. म्हणजे बोलावणं कधी येणार आणि कधी संपणार, हे दिल्लीतल्या हिशेबावरही ठरतं. मार्चमध्ये काजूचा हंगाम सुरू होताना माणूस जाऊ शकतो, किंवा पगार गृहीत धरून कर्जाचा हप्ता बांधला आणि माणूस घरी परत आला, असंही होऊ शकतं. दोन्हीची तयारी ठेवावी लागते.

तर या तारखा आणि कागद सांभाळायला घरात एक फाइल हवी. साधी प्लास्टिकची, बटणाची. तिच्या पहिल्या पानावर तक्ता आखा: एम्बॉडी झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, कुठे होता, आदेशाचा क्रमांक. प्रत्येक वेळी माणूस घरी आला की चहा प्यायच्या आधी त्या आदेशाच्या कागदाची झेरॉक्स फाइलला लावा. मी हे गमतीत म्हणत नाही. टीएच्या जवानाला (अधिकारी सोडून) पेन्शन बसायला एम्बॉडी सेवा १५ वर्षं भरावी लागते. ही १५ वर्षं सलग नसतात, तुकड्यातुकड्यांनी जमतात, आणि कुठल्या तरी जुन्या तुकडीची नोंद रेकॉर्डमध्ये गाळली गेली तर ती दाखवून द्यायला तुमच्याकडे कागद लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. संकेश्वरावरून गेलं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण हात हलवत गेलात तर तसंच परत यावं लागेल. आर्मी नंबर, पलटणीचं नाव आणि तारखा या तीन गोष्टींशिवाय तिथे कुणी तुम्हाला काहीही सांगू शकणार नाही.

दुसरं पान तुमच्या नावाचं, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्याकडच्या बायकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. लग्नात आपल्या भागात पुष्कळदा नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नपत्रिकेत दुसरं, आधारवर तिसरंच, आणि जवानानं भरती होताना क्लार्कला घाईत सांगितलेलं चौथं. पलटणीत लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशानं होते. त्या आदेशात जे नाव, वडलांचं आडनाव की नवऱ्याचं, ‘सुनीता’ की ‘सुनिता’, तेच पुढे पेन्शनच्या कागदांपर्यंत जातं. दुर्दैवानं काही झालं तर कुटुंब पेन्शनसाठी तुमचं नाव आणि त्या आदेशातलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. म्हणून नवरा घरी असतानाच त्याला विचारा: लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का? मुलांची? नंबर किती? नसेल निघाली तर ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढा, मुलांचे जन्मदाखले काढा आणि पुढच्या वेळी तो पलटणीत जाताना हे कागद त्याच्या हाती द्या. नाव बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात देऊन ठेवा. आधार, पॅन, बँक आणि पलटण या चारही ठिकाणी एकच नाव, एकच जन्मतारीख. लग्नाला वर्षं उलटली, तीन मुलं झाली आणि पलटणीच्या कागदावर माणूस अजून अविवाहितच, असं एक घर मला माहीत आहे. त्यात कुणाची लबाडी नव्हती, कागद द्यायचा राहून गेला होता इतकंच.

नॉमिनीचंही तसंच. भरतीच्या वेळी बहुतेक पोरांनी आईचं नाव घातलेलं असतं, आणि ते चुकीचं नाही, लग्न झालेलं नसतं तेव्हा. लग्नानंतर विम्याचे, फंडाचे, बँकेचे नॉमिनी नव्यानं नोंदवायचे असतात. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून हा विषय घरात कुणी काढत नाही. काढा. वाटल्यास दोघींची नावं, वाटा ठरवून, घालता येतात का ते विचारून घ्या, म्हणजे घरात शांतता राहते. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे ते ‘डिफेन्स सॅलरी पॅकेज’ म्हणून नोंदलं आहे की साधं बचत खातं आहे, हेही बघा. पॅकेज असेल तर अपघात विमा बहुधा सोबत येतो. टीएच्या जवानाचा पगार मधून मधून थांबतो, तेव्हा तो विमा चालू राहतो की बंद होतो, हा प्रश्न बँकेला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

आता मोबाइल. कुणाला वाटेल, यात काय मार्गदर्शन करायचं? पण माणूस जम्मू-काश्मीरला गेला की आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, पीएम किसानची ई-केवायसी, शेतकरी ओळखपत्र, सगळं त्याच एका नंबरला जोडलेलं असतं. नंबर बंद तर घर बंद. म्हणून जायच्या आधी सिम पोस्टपेड करून घ्या, आणि जिथे शक्य तिथे तुमचा स्वतःचा नंबर जोडा. एक खातं तरी दोघांच्या नावावर असू द्या, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या अटीचं.

शेतीची कामं कुणासाठी थांबत नाहीत. घनसाळ भाताची लावण पावसावर ठरते, पलटणीवर नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर ई-पीक पाहणी, विकास सेवा संस्थेचं पीक कर्ज, नुकसानीचे पंचनामे, सगळीकडे खातेदाराची सही मागतात. हत्ती किंवा गवा शिरून ऊस नाहीतर भात तुडवलं तर वनविभागाकडे लगेच अर्ज करावा लागतो, नवरा रजेवर येईपर्यंत थांबता येत नाही. यावर उपाय म्हणजे मुखत्यारपत्र. पण सरसकट सगळे अधिकार देणारं नको. कर्ज उचलणं आणि फेडणं, पीक नुकसानीचे अर्ज, मोजणीला हजर राहणं, भरपाईच्या नोटिसा घेणं अशी कामं नावानिशी लिहिलेलं मर्यादित मुखत्यारपत्र करा आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नका, तो तुमच्या स्वतःच्या नावे असला तरीही. पुढे कुणी दबाव आणला तर ‘माझ्याकडे अधिकारच नाही’ हे उत्तर फार कामाला येतं.

धरणं झाली, संकेश्वर-बांदा महामार्ग झाला, त्यामुळे आपल्या तालुक्यात भूसंपादनाच्या नोटिसा आणि भाऊबंदकीचे दावे नवे नाहीत. माणूस सीमेवर असताना गावात त्याच्यावर दिवाणी किंवा महसुली दावा लागला, तर १९२५ चा भारतीय सैनिक (दावे) कायदा त्याचं संरक्षण करतो. जवान युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर आहे असं प्रमाणपत्र मिळालं की न्यायालयाला ते प्रकरण काही काळ थांबवावं लागतं. एम्बॉडी असलेल्या टीएच्या जवानाला आर्मी ॲक्ट लागू असल्यानं हा आडोसा त्यालाही मिळतो. हा कायदा गावातल्या फार थोड्या जणांना ठाऊक आहे. कधी कधी वकिलालाही आठवण करून द्यावी लागते. समन्स आलं की ते घेतलंच नाही असं करू नका. घ्या, त्याचा फोटो काढून पलटणीला पाठवा आणि कमांडिंग ऑफिसरकडून सेवेचा दाखला मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘वीर परिवार सहायता योजने’खाली सैनिक कल्याण कार्यालयांत मोफत कायदेशीर सल्ल्याची सोय करायची आहे. कोल्हापुरात चौकशी करा.

आता नोकरी. ‘परत आलास की बघू’ असं मालक म्हणाला की बरेच जण गप्प बसतात. टीएच्या कायद्याचं कलम ७-अ सांगतं की सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला, ती सेवा संपल्यावर, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तो नाही म्हणाला तर प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. तो अधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. आदेश मोडला तर दंड आहे, हजार रुपयांपर्यंत. आजच्या काळात या हजाराला कोण भिणार, हा माझाही प्रश्न आहे, आणि ही रक्कम वाढवा अशी मागणी आपण करायलाच हवी. पण सहा महिन्यांच्या पगाराला मात्र मालक भितो. कलम ७-ब भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क राखून ठेवतं. यासाठी करायचं एवढंच: बोलावण्याचा कागद आला त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. सुटल्यावर लगेच, महिना-दोन महिने घरी न काढता, हजर होण्याचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. तोंडी बोलण्याला कलम लागत नाही. नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या आधीपासून फाइलला असू द्या. छोट्या दुकानातल्या, रोजंदारीच्या माणसाला हे कलम फारसं वाचवत नाही. ही उणीव खरी आहे आणि ती तशीच सांगितलेली बरी.

दवाखान्याचं थोडक्यात. माणूस एम्बॉडी असताना तुमचं डिपेंडंट कार्ड करून घ्या, जवळचं मिलिटरी हॉस्पिटल बेळगावला आहे. सुटल्यावर ती सोय थांबते, तेव्हा रेशन कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पाच लाखांपर्यंत. रेशन कार्डात सगळ्यांची नावं आणि आधार जुळलेले आहेत ना, हे आजारपण यायच्या आत बघा. आणि रात्री झोप येत नाही, फोन लागला नाही की छातीत धडधडतं, असं होत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फोन फुकट लागतो.

जखमेचं मात्र थोडक्यात भागणार नाही. ट्रेनिंगमध्ये गुडघा दुखावला, गाडी उलटली, थंडीनं बोटं गेली, तर आपली माणसं ‘काय न्हाई, किरकोळ हाय’ म्हणून सोडून देतात. ती किरकोळ जखम पुढे दहा वर्षांनी किती महागात पडेल ते सांगता येत नाही. अपंगत्वाची पेन्शन असो की विशेष कुटुंब पेन्शन, सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: हे सेवेमुळे झालं का? त्याचं उत्तर त्या वेळच्या इंजरी रिपोर्टमध्ये, चौकशीच्या कागदात आणि हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपमध्ये असतं. फोनवर नवरा सांगेल, ‘लागलं थोडं’. तुम्ही विचारा, ‘रिपोर्ट झाला का?’ आणि तारीख लिहून ठेवा. टीएच्या बाबतीत हे दुप्पट महत्त्वाचं, कारण सुटल्यावर तोच गुडघा घेऊन तो शेतात कामाला जातो आणि मग ‘शेतात लागलं असेल’ असा शेरा यायला वेळ लागत नाही.

आणि आता जिथे आपली घरं सगळ्यात जास्त अंधारात आहेत ती गोष्ट. केंद्राच्या नियमांत ‘माजी सैनिक’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. टीएमधून निवृत्त झालेल्यांपैकी पेन्शनवाले, सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक मिळालेले एवढेच तिच्यात बसतात. म्हणजे एकूण नऊ-दहा वर्षं एम्बॉडी राहून, त्यातली काही काश्मीर किंवा ईशान्येत काढून, १५ वर्षं न भरता बाहेर पडलेला माणूस कागदावर माजी सैनिक नाही. त्याला ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड नाही, नोकरीतलं आरक्षण नाही, माजी सैनिकांसाठीच्या घरपट्टी माफीसारख्या सवलती नाहीत, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या शिक्षण किंवा लग्नाच्या मदतीत त्याची मुलं नाहीत. गावात ध्वजवंदनाला त्याला पहिल्या रांगेत बसवतात आणि अर्ज केला की परत पाठवतात. मला यात अन्याय दिसतो, पण अन्याय आहे म्हणून खोटी आशा दाखवणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. आधी तक्ता बघा. १५ वर्षांना किती दिवस कमी पडतात ते मोजा. थोडेच कमी असतील तर बाहेर पडण्याआधी पलटणीत विचारा की पुढचं एम्बॉडिमेंट मिळेल का, जुना एखादा तुकडा मोजायचा राहिला आहे का. एकदा डिस्चार्ज झाला की हे दार बंद होतं.

जगात इतरत्र हा प्रश्न लोकांनी लावून धरला. अमेरिकेत नॅशनल गार्ड आणि रिझर्व्हमधल्या जवानांच्या घरांसाठी २००८ मध्ये ‘यलो रिबन’ नावाचा कार्यक्रम कायद्यानंच आला. माणूस जाण्याआधी, गेलेला असताना आणि परतल्यावर घरच्यांना बोलावून पैसे, नोकरी, दवाखाना, मन या सगळ्याची माहिती देतात. गावोगाव विखुरलेल्या जवानांचीच ती घरं, आपल्यासारखीच.

आपल्याकडे तेवढं मोठं काही नसलं तरी सुरुवात करता येते. कोल्हापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांसाठी आहे तसंच सेवेत असलेल्यांच्या कुटुंबांसाठीही आहे, आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी असतात. आजऱ्याच्या बाजारच्या दिवशी पाच-सहा जणी जमा, आपापल्या गावातल्या टीएच्या घरांची यादी करा. यादीत नाव, गाव, पलटण, सध्या एम्बॉडी आहे की नाही एवढंच लिहा. आधार नंबर, खाते नंबर त्यात घालू नका आणि ती व्हॉट्सॲपवर फिरवू नका, माणूस कुठे तैनात आहे हे तर लिहूच नका. मग जिल्हाधिकाऱ्यांना एकाच पत्रात चार मागण्या करा. एम्बॉडी जवानांच्या कुटुंबांची सैनिक कल्याण कार्यालयात सेवारत सैनिकांची कुटुंबं म्हणून नोंद व्हावी. वर्षातून एकदा आजऱ्यात किंवा गडहिंग्लजला शिबिर घ्यावं, त्याला पलटणीचा रेकॉर्ड क्लार्क हजर असावा, म्हणजे पार्ट टू ऑर्डरच्या चुका तिथेच लिहून घेता येतील. तालुक्यातल्या सहकारी संस्था, कारखाने आणि शाळांना कलम ७-अ आणि ७-ब चं मराठी परिपत्रक पाठवावं. आणि पेन्शनला न पोहोचलेल्या टीएच्या जवानांना राज्याच्या कुठल्या सवलती देता येतील याचा प्रस्ताव पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे पाठवावा. पत्राची एक प्रत पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला, एक आमदारांना. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या पत्रावर काय कारवाई झाली, तारखेनिशी सांगा.